माझ्या वासाचा माग

माझ्या आतेभावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. बारावीची मुलं ब्युरेट धुऊन ठेवत होती. त्यानं कसलीही प्रस्तावना केली नाही.

"तुझे मोजे पायजेत. धुतलेले न्हाई, वापरलेले. दोन दिवस घाल, मग स्वतःच्या हातानं पिशवीत टाक आन् तोंड बंद कर. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको."

"कशाला, दादा?"

"कुत्र्यांना हुंगवायचेत."

दादा दौंडला राहतो. लष्करात कुत्र्यांच्या पथकात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन आल्यावर त्याला घरात बसवेना. आसपासची चार हौशी माणसं आणि त्यांची कुत्री गोळा करून त्यानं एक गट उभा केला. कुणी म्हातारं माणूस घरातून निघून गेलं, एखादं पोर वाट चुकलं, की यांना बोलावणं येतं. पण दादाचा दंडक असा, की परीक्षा पास झाल्याशिवाय कुठल्याही जोडीनं खऱ्या शोधाला जायचं नाही. जोडी म्हणजे कुत्रं आणि त्याचा दोर धरणारा माणूस, ज्याला ते हँडलर म्हणतात. परीक्षा दोघांची मिळून असते. त्यासाठी असा माणूस लागतो, ज्याचा वास कुत्र्यांना अगदी नवा असेल. दौंडमधले सगळे पाहुणे, शेजारी, दूधवाले वापरून संपले होते.

"तू शिरूरला, कधी येत न्हाईस," दादा म्हणाला. त्यात टोमणा होता, पण या वेळी माझं न येणंच त्याच्या कामाचं होतं.

मी हो म्हणाले ते निव्वळ कुतूहलापोटी. मी रसायनशास्त्र शिकवते. वायूचे रेणू कसे पसरतात हे फळ्यावर काढून दाखवण्यात माझी वर्षं गेली आहेत. पण माझे स्वतःचे रेणू कुठं जातात, हा विचार मला कधी शिवलाही नव्हता.

त्या दोन दिवसांत मी घरातही एक उद्योग केला. नवऱ्याचा, मुलाचा आणि सासऱ्यांचा असे तीन उतरवलेले सदरे घेतले, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मुलीला एकेक माझ्या नाकापुढे धरायला सांगितला. मुलाचा सदरा मी लगेच ओळखला. नवऱ्याचा आणि सासऱ्यांचा मात्र उलटसुलट सांगितला. मुलगी हसून लोळायची बाकी राहिली. नवरा दोन दिवस म्हणत होता, "इतक्या वर्षांच्या संसाराचं हेच फळ का?"

रविवारी उजाडायच्या सुमारास न्हावऱ्याच्या रस्त्यानं मी दौंडला पोचले. थंडीचे दिवस होते. रेल्वेच्या यार्डापासून बरंच लांब, भीमेच्या काठी, दादाच्या ओळखीच्या एका बागायतदाराचं रान होतं. अर्ध्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि पाचट पसरलं होतं. दवानं सगळं ओलं होतं. दादानं माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर त्यानं वाट काढली होती : बांधानं सरळ, चिंचेपाशी उजवीकडे, पाणंद ओलांडून पाचटातून तिरकं, मग शेवग्याच्या ओळीच्या कडेनं खाली, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोपटामागे बसायचं.

"नेहमीसारखी चाल," तो म्हणाला. "चोरावाणी न्हाई. आन् बसलीस की हलू नको."

मी चालत गेले आणि बसले. आणि मग वाट बघायची होती. दादानं सांगून ठेवलं होतं, माग थोडा जुना व्हावा लागतो, म्हणून कुत्रं लगेच सोडणार नाहीत. वारा नदीकडे वाहत होता. लांबून मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येई. खोपटाच्या भिंतीला पाठ लावून मी स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. दादानं सांगितलं होतं, माणसाच्या अंगावरून कातडीचा बारीक भुगा सतत झडत असतो. आपण चालतो तसा तो मागे सांडत जातो, वाऱ्यानं उडतो, गवतात, चरीत, कुंपणाच्या बुडाशी जाऊन साठतो. म्हणजे मी इथं बसले होते, आणि त्याच वेळी बांधावर, चिंचेखाली, पाणंदीतही थोडी थोडी पडलेली होते. हा विचार विचित्र वाटला. भीती नाही वाटली, पण उगाच साडीचा पदर आवरून घेतला.

मग पाचट वाजलं.

एक काळी लॅब्रॅडोर कुत्री येताना दिसली. तिच्या अंगपट्ट्याला लांब दोर होता आणि दोराच्या टोकाला एक बाई जवळजवळ पळत होती. मला नवल वाटलं ते कुत्री येत होती त्या जागेचं. मी शेवग्याच्या वरच्या अंगानं आले होते, आणि कुत्री खालच्या अंगानं, माझ्या वाटेपासून चांगली दहावीस पावलं सोडून येत होती. पण तिच्या चालण्यात जराही शंका नव्हती. ती माझ्यापाशी आली, माझ्या गुडघ्याला ओलं नाक लावलं आणि खाली बसली. मग मागे वळून त्या बाईकडे बघितलं. बाईनं खिशातून उकडलेल्या कलेजीचा तुकडा काढून तिला दिला. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

"माफ करा हं," ती मला म्हणाली. "मी मागच्या दोन्ही वेळेला इथंच नापास झाले होते."

ती केडगावची. पुण्यातल्या एका दवाखान्यात नर्स, रोज गाडीनं ये-जा करायची. गटात सगळे तिला सिस्टर म्हणत. कुत्री तिला अशीच मिळाली होती, पुण्यात कुणी फ्लॅट बदलताना सोडून दिलेली.

"पण ही माझ्या वाटेवरून नाही आली," मी म्हणाले.

"वारा बघा ना," सिस्टर म्हणाली. "तुम्ही वरून गेलात. तुमचा वास खाली पडला. ती तुमच्या पावलांवरून येत नाही, तुम्ही जिथं सांडलात तिथून येते."

दिवसभर आणखी जोड्यांची परीक्षा झाली. त्यांच्यासाठी दुसरी नवी माणसं आली होती. मी दादाबरोबर मागून चालत राहिले. दादा परीक्षक, त्यामुळे खरी वाट त्याला माहीत. एक धिप्पाड ऊसवाला शेतकरी होता, त्याचं अल्सेशन कुत्रं देखणं होतं. ती जोडी सफाईनं गेली, कुठं अडखळली नाही. मला एकच गोष्ट खटकली. वळण आलं की दादाची चाल मंदावायची. माझीही. वाट आम्हाला ठाऊक होती, त्यामुळे पाय आपोआप थांबायचे. आणि नेमक्या त्याच वेळी तो शेतकरी मान जरा वळवून आमच्याकडे बघायचा. दादाच्या कामात मी पहिल्याच दिवशी काय बोलणार? पण घरी येताना गाडीत तोच विचार घोळत राहिला. माग कुत्रं काढत होतं, की आम्ही?

परीक्षेचा दुसरा भाग थोड्या दिवसांनी होता. माग लांबचा आणि जास्त जुना हवा होता, शिवाय माणसांच्या वर्दळीतून जाणारा. दादानं जागा निवडली ती माझ्या सासरच्या गावाची, शिरूरकडे, घोड नदीच्या काठची. सिस्टरच्या वाटेसाठी चालणारा माणूस म्हणून मी माझ्या सासऱ्यांचं नाव सुचवलं. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आमच्या घरात आबांच्या लहानपणी मेंढरं होती. आता कांदा आणि ऊस आहे, पण चालायचं म्हटलं की आबा अजून तयार. त्यांना फार आनंद झाला.

"म्हंजी माझा वास हुंगीत कुत्रं येनार?"

"हो, आबा."

"मग आज आंघूळ करू का नगं?"

दादानं त्यांना वाट समजावून सांगितली. गावाबाहेरच्या मारुतीपासून निघायचं, शाळेच्या मागून, ओढा ओलांडून सरळ नदीच्या वाटेला लागायचं आणि काठावरच्या जुन्या वडाखाली बसायचं. आबांनी सगळं नीट ऐकून मान डोलावली. सकाळी लवकर ते काठी घेऊन निघाले. त्यांची टोपी त्यांच्याच हातानं पिशवीत घालून घेतली. ते उघड्या डोक्यानं गेले याची त्यांना जरा लाज वाटली, म्हणून उपरणं गुंडाळलं.

ऊन चांगलं तापल्यावर सिस्टर कुत्रीला घेऊन मारुतीपाशी आली. टोपी हुंगवली. कुत्रीनं एक चक्कर घेतली आणि शाळेच्या मागच्या अंगाला निघाली. मी आणि दादा बरंच अंतर ठेवून मागं. तोवर शाळेत मुलं आली होती, ओढ्यात बाया धुणं धूत होत्या, एक मेंढरांचा कळप वाट आडवी ओलांडून गेला होता. कुत्रीनं नाक जमिनीला लावून सगळं पार केलं. ओढ्यापलीकडे मात्र ती थांबली. मान वर केली, पुढं गेली, मागं आली. आणि डावीकडे वळली, गावाकडे.

"चुकली," दादा हळूच म्हणाला. "मेंढरांनी माग मोडला."

नदीची वाट सरळ समोर दिसत होती. दादा जागच्या जागी उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. परीक्षकानं हात वर केला म्हणजे परीक्षा संपली, जोडी नापास. सिस्टरनं मागे वळून बघितलं. मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. कुत्री दोर ओढत होती. सिस्टर क्षणभर दोघांच्या मधे उभी राहिली, आणि मग वळून कुत्रीच्या मागे चालू लागली.

"अगं ए! थांब!" दादा ओरडला.

ती थांबली नाही. दादा चिडला आणि तरातरा तिच्यामागे निघाला. मी त्याच्यामागे. कुत्री गावाच्या खालच्या आळीत शिरली, एका पत्र्याच्या घराला वळसा घातला, कोंबड्या उडवल्या आणि मागच्या अंगणात गेली. अंगणात बाजेवर आबा बसले होते. हातात चहाची कपबशी. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ. समोर एक व्यालेली गाय आणि तिचं अजून ओलं असलेलं वासरू.

कुत्री आबांच्या गुडघ्याला नाक लावून बसली. वासराकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"आबा!" मी म्हणाले. "तुम्ही वडाखाली बसणार होता ना?"

आबांनी बशी खाली ठेवली. "आगं, निघालोच हुतो. ह्यो ओढ्यापाशी भेटला. म्हनला, गाय अडलीया, वासरू आडवं हाय. मग काय, वडाखाली जाऊन बसू?" मग कुत्रीकडे बघून म्हणाले, "पर हिला कसं ठावं म्या हितं हाय?"

सिस्टर कुत्रीच्या गळ्याला हात घालून खाली बसली होती. दादानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी हात वर केलेला तू बघितला न्हाईस का?" त्यानं तिला विचारलं.

"बघितला होता."

"मग?"

"दोर ताठ होता, सर."

यजमानांनी सगळ्यांना चहा केला. आबा वासराच्या अंगाला पोतं घासत बसले. मी दादाच्या शेजारी ओट्यावर टेकले आणि मनात घोळत असलेलं विचारून टाकलं.

"दादा, तुझा हात बघून सिस्टर थांबली असती, तर कुत्री बरोबर असूनही दोघी नापास झाल्या असत्या. बरोबर?"

"व्हय."

"आणि दौंडला तो ऊसवाला वळणावर तुझ्याकडे बघत होता. तू थांबलास की तो थांबायचा. मीही थांबत होते. मग आपण नेमकं तपासलं काय?"

दादा बोटानं ओट्यावर रेघा ओढायला लागला. मला वाटलं, रागावला. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आकडेमोड चालू होती. शेवटी तो म्हणाला, "म्हंजी मागून चालनाऱ्यालाबी वाट म्हाईत नसावी."

"कुणालाच नसावी. फक्त चालणाऱ्याला."

"मग चुकलं का बरोबर, कळायचं कसं?"

मी माझा मोबाइल दाखवला. आपण चाललो ती वाट नकाशावर उमटते. परीक्षा संपेपर्यंत तो चालणाऱ्याच्याच खिशात राहील. दादानं मोबाइलकडे असा बघितला, की जणू तो त्याला पहिल्यांदाच दिसत होता.

सिस्टरला त्यानं तिथंच पास केलं. पण बाकी सगळ्यांची परीक्षा रद्द केली आणि पुन्हा घ्यायची ठरवली. यावरून गटात धुसफूस झाली. ऊसवाला तर म्हणाला, "एकदा पास केलं ते केलं. आता कॉलेजातल्या बाईंच्या सांगण्यावरनं आम्ही परत बसायचं व्हय?" दादा त्याला म्हणाला, "मी सोता बसनार हाय, माझ्या कुत्र्याला घेऊन. तुलाबी बसाया काय झालं?"

तशी परीक्षा पुढच्या महिन्यात दौंडलाच झाली. दादासाठी माग मी पाडायचा असं ठरलं. कुठून जायचं ते मी चालता चालता ठरवलं, आधी मनातही आणलं नाही, कारण माझ्या चेहऱ्यावरचंही कुणी वाचू नये. पाणंदीपर्यंत नेहमीच्या वाटेनं गेले. तिथं दोन फाटे होते. एक चिंचांच्या सावलीतून जाणारा, दुसरा उघड्या नांगरटीकडे. ढेकळांतून चालणं कठीण होतं, म्हणूनच मी तिकडं गेले आणि पलीकडच्या बांधाआड घायपाताच्या बुंध्याशी बसले. तिथून पाणंद स्पष्ट दिसत होती.

दादा आला. त्याचं कुत्रं म्हातारं, तांबूस, लष्करी शिस्तीचं. फाट्यापाशी कुत्रं थांबलं आणि त्यानं तोंड माझ्या दिशेला केलं. एवढ्या लांबूनही मला ते जाणवलं. त्याचे कान माझ्याकडे होते, छाती माझ्याकडे होती. एक पाय त्यानं नांगरटीत टाकलासुद्धा. दादा चिंचांकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला वाचता येत होतं : ही कॉलेजातली बाई, साडी नेसलेली, ढेकळांत कशाला जाईल? त्यानं दोराला हलकासा हिसका दिला. कुत्र्यानं त्याच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. दादानं पुन्हा हिसका दिला.

मी बांधाआड श्वास रोखून बसले होते. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. कुत्र्यानं नांगरटीतला पाय मागं घेतला आणि ते धन्याबरोबर चिंचांच्या सावलीत निघून गेलं.

नंतर मोबाइलवरची रेघ बघताना दादा म्हणाला, "कुत्रं चुकलं न्हाई. त्यानं माझं ऐकलं." तो कुत्र्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि त्याच्या कानामागे खाजवत राहिला. "आयुष्यभर ह्यांना ऐकायला शिकवलं, बघ. आता न ऐकायला कसं शिकवू?"

त्या दिवशी बहुतेक जोड्या कुठं ना कुठं चुकल्या. ऊसवाल्याचं देखणं अल्सेशन पहिल्या वळणावर थांबलं आणि तो सवयीनं मागं बघत राहिला. मागं सिस्टर होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती त्याच्याकडे आणि तो तिच्याकडे बघत उभे होते. संध्याकाळी तो न जेवता निघून गेला. पण महिन्याभरानं परत आला, आणि आता सगळ्यांत जास्त सराव तोच करतो. दादाही मग हँडलर म्हणून नव्यानं शिकायला लागला. सिस्टर त्याच्या मागून चालायची आणि दोर ओढला गेला की म्हणायची, "सर, हात सैल."

मी या सगळ्यात इतकी गुंतले, की सुट्टीच्या दिवशी घरात सापडेनाशी झाले. कारेगावच्या शोधाला मी त्यामुळेच हजर होते.

कारेगावात कंपन्यांतल्या कामगारांच्या खोल्या आहेत. बिहारकडचा एक तरुण तिथं बायको आणि आईबरोबर राहायचा. आईला अलीकडे विसर पडायला लागला होता. सकाळी तो पहिल्या पाळीला गेला, बायको पाणी भरत होती, तेवढ्यात म्हातारी निघून गेली. पोलिसांना कळवलेलं होतं. गावातल्या एका पुढाऱ्यानं दादाला फोन केला, आणि दुपारच्या आत आम्ही पोचलो. सिस्टर तिच्या कुत्रीला घेऊन आली होती.

खोलीसमोर गर्दी जमली होती. पुढारी स्वतः माणसं घेऊन उभा होता. काळजीनं करत होता सगळं, त्यात शंका नाही. "विहिरी बघितल्या," तो म्हणाला. "आता उसात शिरायचं. कुत्रं उसातनं सोडा."

सिस्टरनं त्याला नमस्कार केला आणि ती मुलाशी बोलायला गेली. "भैया, माँजी की कोई चीज चाहिए. जो सिर्फ वही ओढ़ती हैं. आप लोगों ने हाथ न लगाया हो तो अच्छा."

मुलाच्या बायकोनं अंथरुणाकडे बोट दाखवलं. उशाला एक राखाडी शाल होती. सिस्टरनं चिमट्यानं ती पिशवीत घेतली आणि कुत्रीला हुंगवली.

कुत्री खोलीतून निघाली, नळापाशी वळली, दुकानांच्या पुढून गेली. भजीच्या गाड्यापाशी तिनं भज्यांकडे बघितलं नाही. गर्दी मागून येत होती, तिला दादा हात करून थोपवत होता. गल्लीतून ती मोठ्या रस्त्याला लागली. जिथं वडापच्या, म्हणजे सीटवारी माणसं भरणाऱ्या, गाड्या उभ्या असतात, तिथं कुत्री थांबली. एक फेरी मारली. दुसरी मारली. डांबरावर नाक टेकवलं, वर उचललं आणि सिस्टरकडे बघत उभी राहिली.

"माग संपला," सिस्टर म्हणाली.

"संपला म्हंजी?" पुढाऱ्यानं विचारलं.

"इथून पुढं आजी पायी गेल्या नाहीत. गाडीत बसल्या असणार."

"अहो, त्या बाईला मराठी येत न्हाई, पैसं जवळ न्हाईत, तिला गाडीत कोण बसवंल? रस्त्यावर तेलाचा, धुराचा वास, कुत्र्याला कळंना झालंय. तुम्ही उसात चला."

बाकीचे लोकही तेच म्हणायला लागले. मुलगा कधी उसाकडे, कधी रस्त्याकडे बघत होता. मी दादाकडे बघितलं. दादा सिस्टरकडे बघत होता, आणि मला जाणवलं की तो मुद्दाम चेहरा कोरा ठेवतोय.

सिस्टर मात्र मागे हटली नाही. "तुम्ही उसात जा, साहेब. माणसं आहेत, बघून घ्यायला हरकत नाही. पण माझी कुत्री तिकडं गेली नाही, आणि मी तिला ओढून नेणार नाही." मग ती मुलाकडे वळली. "भैया, आप पहले कहाँ रहते थे? यहाँ आने से पहले?"

मुलगा थबकला. "सणसवाडी में. दो साल."

"वो कमरा माँजी को याद होगा?"

तो दादाच्या गाडीकडे धावत सुटला.

सणसवाडी त्याच रस्त्यावर, पुण्याच्या बाजूला. दादानं गाडी चालवली, मुलगा पुढं, सिस्टर, कुत्री आणि मी मागं. मुलगा गुडघ्यावर मुठी आपटत होता. सणसवाडीत खोल्यांच्या लांबलचक रांगा आहेत, एकसारख्या, एकाच रंगाच्या. मुलगा एका रांगेत शिरला. शेवटून तिसऱ्या दाराच्या पायरीवर म्हातारी बसली होती. आत आता दुसरं बिऱ्हाड होतं, त्या बाईनं तिला पाणी आणि बिस्किटाचा पुडा दिला होता. "कबसे बैठी हैं," ती बाई म्हणाली, "बोलती हैं, मेरा बेटा ड्यूटी से आएगा."

मुलगा तिच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जणू पोरगा कामावरून वेळेवरच घरी आला आहे.

सिस्टरनं तेवढ्यात कुत्रीला गाडीतून उतरवलं. शोधून झाल्याचं समाधान तिलाही मिळायला हवं, असं ती म्हणाली. शाल पुन्हा हुंगवली. कुत्री रांगेच्या तोंडापासून सरळ गेली, मधल्या कितीतरी दारांपुढून, कितीतरी पायांपुढून, आणि म्हातारीच्या गुडघ्याला नाक लावून बसली.

म्हातारी दचकली नाही. तिनं कुत्रीला नीट न्याहाळलं. "ई कुकुर हमके कइसे चीन्हत बा?" हे कुत्रं मला कसं ओळखतं, असं ती विचारत होती.

"माँजी, आपकी शाल सूँघी इसने," सिस्टर म्हणाली आणि पिशवी पुढं केली.

म्हातारीनं शाल पिशवीतून काढली. दोन्ही हातांनी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग मान हलवली.

"हमके त कुछुओ ना बुझात," आपल्याला तर काहीच कळत नाही, असं ती म्हणाली, आणि शाल माझ्यापुढे धरली. "तू देखऽ."

मी शाल नाकाला लावली. धुराचा वास होता, मोहरीच्या तेलाचा होता, थोडा साबणाचा. त्यापलीकडे काहीतरी असणारच, पण मला ते लागलं नाही. मी शाल दादाकडे दिली. त्यानंही हुंगली.

कुत्री आमच्याकडे आळीपाळीनं बघत बसली होती.